बर्फाचा डबा राहू दे, आधी पत्र्याचं बघ

पत्र असं आलंय: "ताई, मी अकोल्यात एका दुकानात कामाला आहे. घरमालकाच्या गच्चीवर बांधलेली एक खोली भाड्यानं घेतलीय, दहा बाय बारा, वर पत्रे, पश्चिमेला एक खिडकी आणि समोरच्या भिंतीत दार. बायकोला सातवा महिना लागतोय आणि उन्हाळा आत्ताच सुरू झालाय. एसी परवडत नाही, सबमीटरचं बिल पण जास्त येतं. यूट्यूबवर थर्माकोलच्या डब्यात बर्फ टाकून वर छोटा फॅन लावलेला घरगुती एसी बघितला, बर्फाच्या फॅक्टरीतून रोज दहा किलो बर्फ आणायची तयारी आहे. करू का? का दुसरं काही करता येईल? बायको म्हणते सरळ माहेरी जाते परतवाड्याला, तिथं घर मोठं आहे."

तुझं पत्र दोनदा वाचलं. बायकोसाठी एवढा विचार करतोयस हे बघून बरं वाटलं, आणि विचारलंस हे फार चांगलं केलंस कारण हा डबा दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी बनवतं आणि आठ दिवसांत माळ्यावर टाकतं. मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवायचे, दर वर्षी मार्चमध्ये पोरं असाच एखादा व्हिडिओ घेऊन यायची आणि मी त्यांना आधी फळ्यावर हिशोब करायला लावायची, तोच हिशोब तुला सांगते म्हणजे पैसे घालायच्या आधी कळेल.

एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो, आणि ते गार पाणी पुढं २५ डिग्रीपर्यंत तापेतो अजून शंभरेक. म्हणजे तुझा दहा किलोचा बर्फ पूर्ण संपेपर्यंत साधारण ४४०० किलोज्यूल उष्णता खोलीतून काढणार. आता एक टनाचा एसी सेकंदाला साडेतीन किलोज्यूल काढतो. भागाकार कर, वीस-एकवीस मिनिटं येतात. रोज सकाळी सायकलवर पोतं गुंडाळून आणलेला तो बर्फ म्हणजे एसीची वीस मिनिटं, बस. एसीला 'टन' म्हणतात ना, तो टन बर्फाचाच आहे, अमेरिकन टनभर, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता घेतो तेवढी काढणारं मशीन म्हणजे एक टनाचं. तासाला जवळजवळ ३८ किलो बर्फ झाला हा. तू दहा किलोत दिवस काढायला निघालायस आणि तोही पत्र्याखाली.

डब्यासमोर तोंड धरून बसलास तर गार लागतं, नाही असं नाही, व्हिडिओतला माणूस पण तसाच बसलेला असतो. लाईट गेलीय, म्हातारं माणूस कासावीस झालंय, इन्व्हर्टरवर छोटा फॅन चालू आहे, अशा वेळी अर्धा तास निभावायला तो डबा चालेल. खोली गार होणार नाही. आणि फॅक्टरीतला जो बर्फ निळसर रंगाचा असतो तो खायचा नसतो, तो माल थंड ठेवायचा असतो, वितळलेलं पाणी कुणी चुकून पिऊ नये.

बाकी व्हिडिओंबद्दल पटकन सांगून टाकते कारण तू आज ना उद्या तेही बघशील. पुठ्ठ्याला बाटल्यांची कापलेली तोंडं लावून हवा गार करतात ना, त्यानं हवा गार होत नाही, ओठांचा चंबू करून तळहातावर फुंकर मारलीस की गार लागते ती आजूबाजूची हवा सोबत ओढली जाते म्हणून, बाहेरची हवाच ४४ ची असेल तर बाटलीतून ४४ चीच येणार. पेल्टियर नावाची चौकोनी चिप असते, एका बाजूनं गार दुसऱ्या बाजूनं चटका बसेल इतकी गरम, ती खोलीतच ठेवलीस तर खोली उलट तापते. फ्रिजचं दार उघडं ठेवूनही तेच होतं, फ्रिजच्या मागून उष्णता घरातच पडते. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, बंद खोलीत कधीही आणू नको, त्याचा वायू होतो आणि जीव गुदमरतो. आणि भंगारातला फ्रिज खोलून त्याचा कॉम्प्रेसर वापरायच्या फंदात तर अजिबात पडू नको, अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये जो गॅस असतो तो पेट घेतो, मी वर्गात पण फ्रिजची गॅसची नळी कापायच्या आधी दारं-खिडक्या उघडायला लावायची.

तर मग करायचं काय? उत्तर तुझ्या घरातच ठेवलंय, माठ. माठातलं पाणी पाझरतं, बाहेर हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे सात किलो बर्फ वितळायला लागतात तेवढे. तू जो दहा किलो बर्फ विकत आणणार होतास त्याचं काम दोन लिटर पाणी करतं, फक्त ते उडालं पाहिजे. आणि पाणी उडवायला अकोल्याच्या उन्हाळ्यासारखी हवा नाही, कोरडी ठाक. बाहेर ४४ आहे आणि हवेत दमटपणा १५ टक्के आहे, तर पाण्यानं ती हवा पार २३ डिग्रीपर्यंत उतरू शकते, घरी बनवलेल्या कूलरला तेवढं जमत नाही पण २८ ते ३० मिळतात. हाच कूलर मुंबईत ३४ डिग्री आणि ६५ टक्के दमटपणात लाव, जेमतेम चार-पाच डिग्री उतरतील आणि अंगाला चिकचिक वेगळी. म्हणून मुंबई-कोकणातल्या कुणी हे वाचून ड्रम कापायला घेऊ नका, हे विदर्भ-खानदेश-मराठवाड्याचं काम आहे. आपल्याकडे जुन्या घरांत दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारायचे, त्यातलंच हे.

पण कूलरच्या आधी पत्रा. हे मी मुद्दाम आधी सांगतेय कारण सगळे उलटं करतात, आधी मशीन घेतात. भर दुपारी पत्रा साठ डिग्रीच्या वर सहज जातो, तू खाली खाटेवर बसलास की डोक्यावर तापलेला तवा उपडा धरल्यासारखं होतं, फॅन कितीही फिरू दे तो तव्याची धग थांबवत नाही. हवा गार केली तरी धग अंगावर येतच राहते. कितीही चांगला कूलर असला तरी त्या तव्याशी भांडण्यातच त्याची निम्मी ताकद जाते.

पत्र्याला पांढरा रंग दे. जस्ताचा चकाकणारा पत्रा असेल तर चुना नको, ओला चुना जस्ताला खातो आणि टिकतही नाही, बाहेरच्या भिंतीला देतात तो पांढरा अॅक्रिलिक घे आणि दोन हात मार, त्याआधी गंज असेल तो पॉलिश पेपरनं घासून प्राइमर लाव. सिमेंटचा पत्रा असेल तर चुना चालतो. पत्र्यावर चढताना पाय पत्र्याखाली कैचीचं लाकूड किंवा अँगल असेल तिथंच ठेव, आडवी फळी टाक, जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो. आणि सकाळी सातच्या आत काम संपव.

रंगाच्याही वर अजून एक करता आलं तर कर, हिरवी शेडनेट. आपल्या भागात नर्सरीवाल्यांकडे, शेतीच्या दुकानात कुठंही मिळते, ७५ टक्के ऊन अडवणारी घे, आणि ती पत्र्यावर अंथरायची नाही, चार बांबू बांधून पत्र्यापासून हातभर वर ताणायची म्हणजे मधून वारा खेळतो. नेट स्वतः तापते पण तिची गरमी वारा घेऊन जातो, पत्र्यापर्यंत पोचत नाही. लोक तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या-कपाशीच्या वाळलेल्या काड्या, टाकतात पत्र्यावर, सावली छान होते, पण उन्हाळ्यात एक ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको, आणि विंचू निघतात. गरोदर बाई घरात असताना नको. आतून थर्माकोल पण नको, तो पेटतो आणि पत्र्याखालून तुमच्या वायरी गेलेल्या असणार. जुन्या सुती साड्या दुहेरी करून पत्र्याखाली वीतभर अंतर ठेवून ताणल्या तरी फरक पडतो, बल्ब-वायरीपासून लांब ठेव म्हणजे झालं.

पत्र्याचं एक चांगलं आहे, ते स्लॅबवाल्यांना नाही. पत्रा पातळ, सूर्य मावळला की तासाभरात गार होतो, स्लॅब मात्र दिवसभर पिऊन ठेवलेली गरमी रात्री एक-दोन वाजेपर्यंत खाली सोडत राहतो. म्हणजे तुझा त्रास दुपारचा आहे, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, आणि कूलर तेवढ्यासाठीच बनवायचा आहे.

आता ड्रम. निळा दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम मिळतो जुना, घेताना विचारून घे आत काय होतं, खाण्याच्या मालाचा असेल तरच घे, केमिकलचा कितीही धुतला तरी त्यातली हवा बायकोच्या नाकात जायला नको. खालचे आठ इंच तसेच सोड, तिथं पन्नासेक लिटर पाणी राहतं. त्याच्या वर तीन बाजूंना फूटभर रुंद आणि दोन फूट उंच अशा तीन खिडक्या काप, आणि चौथ्या बाजूला फॅनचं गोल भोक. फॅन बारा इंची एक्झॉस्टचा, नऊ इंचीचा नको, तुझ्या खोलीतली हवा दोन मिनिटांच्या आत बदलायला पाहिजे आणि ते नऊ इंचीला ओढवत नाही. फॅन असा बसव की हवा ड्रममधून ओढून खोलीत फेकेल. बरेच जण उलटा बसवतात आणि मग म्हणतात कूलर गरम हवा मारतो.

तिन्ही खिडक्यांना आतून ताट्या. ताटी म्हणजे दोन जाळ्यांच्या मधे कूलरचं गवत (म्हणतात गवत, असतो लाकडाचा बारीक कीस), दोन इंच जाड. वाळा मिळाला तर वास सुंदर येतो पण महाग, गवतानंही काम होतं. गवत भरताना बोटांनी नीट पिंजून सगळीकडे सारखं पसर, कोपऱ्यात विशेष, कारण ओलं झालं की ते खाली बसतं आणि वरच्या बाजूला दोन बोटं फट पडते, हवा लबाड असते ती सगळी त्या फटीतूनच येते, कोरडी आणि गरम. दर आठवड्याला वरून मूठभर गवत कोंबत राहायचं. नवीन ताटी लावायच्या आधी एक रात्र पाण्यात बुडवून ठेव, पिवळं पाणी निघतं आणि लाकडाचा उग्र वास जातो, नाहीतर पहिले दोन दिवस बायकोला मळमळेल.

वर आतल्या कडेनं अर्ध्या इंचाची नळी फिरव, दाभण तापवून तिला तीन-तीन इंचांवर भोकं पाड, पाणी ताटीच्या डोक्यावर पडलं पाहिजे, समोरून शिंतोडे उडाले की ते फॅनच्या मोटरवर जातात. तळाशी १८ वॅटचा छोटा पंप. फॅन आणि पंप मिळून सव्वाशे वॅटच्या आत बसतात, दिवसाला आठ तास चालवलास तर एक युनिट. सबमीटरवाल्यालाही जड नाही.

बनवून झालं की घाईनं कौतुक करू नको, मोजून बघ. साधा भिंतीवरचा थर्मामीटर आण, आधी ताटीच्या मागं सावलीत धर आणि मग फॅनच्या तोंडाशी. मागं ४४ आणि पुढं ३० च्या आसपास असेल तर जमलं. पुढं ३५-३६ दाखवत असेल तर कुठंतरी ताटी कोरडी आहे किंवा फट आहे, हात फिरवलास की कळतं, ओल्या ताटीतून येणारी हवा आणि फटीतून येणारी हवा तळहाताला लगेच वेगळी लागते.

ड्रम बाहेर गच्चीवर ठेव, खिडकीला लावून, खाली विटा. खोलीत नाही! खोलीत ठेवला की तो आतलीच ओली हवा परत परत ओढतो, तासाभरात गादी दमट आणि जीव गुदमरल्यासारखा, मग लोक म्हणतात कूलर सोसत नाही. बाहेरची कोरडी हवा आत यायला पाहिजे आणि आतली ओली हवा बाहेर जायला, म्हणून समोरचं दार वीतभर उघडं ठेवायचं, जाळी लाव पाहिजे तर. दार बंद करून कूलर लावणं हीच सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती घरोघरी चालते. तुझी खिडकी पश्चिमेची म्हणजे दुपारी ड्रमवर ऊन येणार, वरून सावली कर पण ताट्यांना काही गुंडाळू नको.

पाण्याचं आता. भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर उडतं, म्हणजे दिवसाचं साठ-सत्तर. अकोल्यात नळ रोज येत नाही हे मला माहीत आहे, आणि बोअरचं घ्यावं तर पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना आपला खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. खारं पाणी चालत नाही असं नाही, पण पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं, तेच पाणी वर-वर भरत गेलास तर आठवड्यात ताटीवर पांढरा थर चढतो, गवत कडक होतं, पंपाचा पंखा जाम. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी तळाचं पाणी पूर्ण ओतून टाकायचं आणि नवीन भरायचं. ते पाणी झाडाला घालू नको, फरशी धू. गोड्या पाण्याचा ड्रम असला तरी आठवड्यातून एकदा कोरडा करून घासायचाच, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि सातव्या-आठव्या महिन्यात डेंग्यू म्हणजे फार वाईट. आणि हो, टाकीत बर्फ टाकायचा मोह होईल, पाच किलो बर्फ म्हणजे पाऊण लिटर पाणी उडाल्याइतकंच काम, नको.

आता जे सांगते ते दोनदा वाच आणि बायकोला वाचून दाखव. आमच्या गल्लीत एक बाई चालू कूलरमध्ये पाइपनं पाणी भरत होती, पाय ओले, अनवाणी, लोखंडी कूलर. करंट लागला. शेजारच्यानं लाकडी पाट मारून तिला सोडवलं म्हणून वाचली, हाताला अजून खूण आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं माणसं जातात, आणि जवळजवळ सगळी पाणी भरताना किंवा पंपाला हात लावताना. तुझा ड्रम प्लास्टिकचा आहे म्हणून निर्धास्त होऊ नको, पाण्यातून करंट येतोच. त्यामुळे तीन पिनचा प्लग, खरं अर्थिंग, आणि वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाईट आपोआप तोडणारा स्विच) बसवून घे, पैसे वाचवायचे असतील तर फॅन जुना घे, शेडनेट पुढच्या महिन्यात घे, पण हे आधी. पंपाच्या वायरीला मधे टेपचा जोड नको. पाणी भरायचं असेल तेव्हा नुसतं बटन बंद नाही, प्लग काढून बाजूला ठेवायचा, चप्पल घालूनच, आणि ते काम तू सकाळी दुकानात जायच्या आधी करून जा. तिनं बादल्या उचलायच्या नाहीत.

ती दुपारी एकटी असते ना? मग हेही. हवा चाळीसच्या वर गेली की नुसता फॅन गरम हवाच अंगावर मारतो, लाईट असून कूलर बंद पडला असेल तर ओला पंचा मानेवर-हातावर घेऊन मग फॅनसमोर बसायचं. तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर ओआरएस. चक्कर, डोकं खूप दुखणं, उलट्या, अंग तापणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर कूलर वाढवत बसायचं नाही, सरळ दवाखाना, १०८ ला फोन केला तर गाडी फुकट येते. नंबर भिंतीवर लिहून ठेव, आणि खालच्या काकूंना सांगून ठेव की दोन वाजता एकदा हाक मारत जा.

घरमालक पत्र्यावर चढू देईल का, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण तो येणार. त्याला असं सांग की गच्चीची मोकळी जागा पण मी चुन्यानं पांढरी करून देतो. स्लॅबला चुना छान धरतो, चुना रात्रभर भिजवून गाळायचा, थोडं फेविकॉल घालायचं, दोन हात, डोळ्यात उडू द्यायचा नाही. त्यानं त्याच्या खालच्या खोल्या गार होतात आणि तुझ्या दारासमोरची तापलेली फरशी पण. अहमदाबादनं २०१३ मध्ये उन्हाचा कृती आराखडा केला, देशात पहिलाच, आणि नंतर तिथं गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं काम त्यातूनच निघालं, तेव्हा हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. चुन्याचा निम्मा खर्च त्याच्यावर टाक, फायदा त्याचाही आहे, बहुतेक देईल.

आणि परतवाड्याचं. रंग आणि ड्रम दोन्ही एप्रिलच्या मध्यापर्यंत झालं, दुपारी खोलीत थर्मामीटर ३२-३३ च्या खाली राहिला, तर तिला राहायचं असेल तर राहू दे. नाही झालं, घरमालक अडला, पाणी पुरेना, तर मनाला लावून न घेता तिला जाऊ दे, डॉक्टरांना विचार, फाइल आणि सोनोग्राफीचे कागद सोबत दे, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं जा म्हणजे ऊन चढायच्या आत घरात. पत्रा तरी रंगवून ठेवच, ती परत येईल तेव्हा बाळ असेल सोबत.